शुक्रवारचा अंधार

आमच्या अंबरनाथला दुरुस्तीसाठी शुक्रवारी लाईट जाते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण पुण्याहून आलेल्या आमच्या दिग्दर्शकाने कुणाला विचारलं तर ना! प्रकाश, सावली आणि माणसाचा देह यांचा प्रायोगिक खेळ त्याने नेमका शुक्रवारी दुपारी ठेवला. मी सांगायला गेले, तर म्हणाला, "ताई, कलेला वार नसतो."

मग काय! स्टेशनच्या पश्चिमेकडच्या एका हॉलमध्ये खिडक्यांना काळे कागद चिकटवले, पांढरा पडदा टांगला आणि त्याच्यामागे मी एक हात वर करून उभी राहिले. मी म्हणे एकटेपणाचं झाड होते. पाच मिनिटांत लाईट गेली. झाड अंधारात उभंच. दिग्दर्शक विंगेतून कुजबुजला, "हलू नका, अंधारही आपलाच आहे."

प्रेक्षकांनी निमंत्रणपत्रिकांचे पंखे केले. पुढच्या रांगेतल्या बायका बारवी धरणात पाणी किती उरलंय यावर आल्या. माझ्या हाताला मुंग्या आल्या.

अर्ध्या तासाने लाईट आली. "आली, आली!" करत अख्ख्या हॉलने टाळ्या आणि शिट्ट्यांचा नुसता कडकडाट केला. दिग्दर्शक डोळे पुसत पुढे आला, तीनदा वाकला आणि मला म्हणाला, "बघितलंत? अंधार पोचला!"

आमच्या घरीही लाईट आली की सगळे अश्शाच टाळ्या वाजवतात. म्हणून बल्ब काही वाकून नमस्कार करत नाही.