उपासनेला नाही आलं तर चालेल का?

मित्रांनो, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

येरवड्यात आमची छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. वस्तीतल्या मुलांसाठी आम्ही मोफत क्लास घेतो. मंगलताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची मुलगी दहावीला आहे, आमच्याकडेच शिकते. ताई स्वतः हिंदू, पण दोन वर्षांत त्यांनी रविवारची एकही उपासना चुकवलेली नाही. सगळी गाणी पाठ, टाळ्याही सगळ्यांत जोरात. मला त्यांचं फार कौतुक.

आज उपासना संपल्यावर चपला घालता घालता म्हणाल्या, "पास्टर, पुढच्या रविवारी नाही आले तर चालेल का? पोरीचा क्लास बंद नाही ना होणार?"

मी गडबडलोच. "अहो ताई, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कुणीच नाही. आपलं आपण समजून घ्यायचं असतं ना!"

मी म्हटलं, "क्लासचा आणि उपासनेचा काही संबंध नाही. तुम्ही कधीच आला नाहीत तरी ती शिकेल."

त्यांनी मान वर करून विचारलं, "खरंच?" मग मोकळं हसल्या. "मग रविवारी जरा झोपेन म्हणते."

आणि गेल्या.

मला वाईट वाटलं की हायसं वाटलं, अजून कळत नाही. बाकीचे कशासाठी येतात, हे विचारावंसं वाटतंय. पण विचारणारा मीच आणि क्लासही माझाच. मला खरं कोण सांगणार?

माझ्या जागी तुम्ही असतात तर कसं विचारलं असतं?