नानांनी दुर्बिणीवर लावलेली टोपणं

मंडळी, आज धुळ्याच्या रेंजवर माझी चांगलीच जिरली. परवा स्पर्धा, आणि एअर रायफलची दुर्बीण काही जुळेना! छर्रा डावीकडे गेला की मी लगेच दुर्बिणीवरचा नेम जुळवायचा पेच फिरवायचे. पुढचा वर गेला की दुसरा पेच. कागदाची पार चाळणी झाली.

आमचे प्रशिक्षक नाना फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही पेचांवर टोपणं घट्ट बसवली. म्हणाले, "बेटा, आते हात नको लावू. पाच छर्रे मार, मंग दख."

पाचही एकाच जागी, फक्त दोन बोटं डावीकडे! म्हणजे दुर्बीण ठीकच होती, दर छर्र्यामागे पेच फिरवून मीच नेम बिघडवत होते. मग टोपण काढून एकदाच पेच फिरवला. सहावा थेट मध्यभागी.

मी नवी दुर्बीण घ्यायला निघाले होते. लागलं फक्त थांबवणारं माणूस. थँक यू, नाना!

तुम्हाला असं वेळेवर कोणी थांबवलंय?