नकार देणारं घर

माझ्या थोरल्या बहिणीमुळे मी पदवीधर झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. ताई भोकरला ब्लाउज शिवायची, त्यावर नांदेडात माझी खानावळ चालायची. आज मी लातूरला लसीकरण नोंदणीच्या कक्षात कंत्राटी समन्वयक आहे, तोही तिच्याच शिलाईवर.

आमची नोंदणी म्हणजे शासकीय सहकार्याचा नमुना. आरोग्य खात्यानं संगणक दिले, महिला-बालविकासनं टॅब, जिल्हा परिषदेनं माणसं. फलकावर कुणाचं बोधचिन्ह आधी, यातच सुरुवातीच्या बैठका गेल्या. शेवटी चिन्हं गोलात छापली.

ताईची मुलगी किल्लारीला दिलेली. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. पहिल्या लसी भोकरला टोचल्या. बारसं व्हायचं होतं म्हणून नोंद 'अमकीचं बाळ' अशी, मोबाइल नंबर ताईचा. मग लेक सासरी गेली. तिथं बाळाला नाव मिळालं, पुढच्या लसी मिळाल्या आणि नव्या नावानं नवी नोंदही मिळाली. आता संगणकात बाळं दोन झाली. किल्लारीचं गुणी होतं. भोकरचं लसीला येतच नव्हतं.

संगणकानं ताईचं घर 'नकार देणारी घरं' या यादीत टाकलं. मग समुपदेशनाची जीप गल्लीत येऊ लागली. दारासमोर माईकवरून लसीचे फायदे सांगितले जात.

ताईचा फोन आला. "आरं, लेकरू किल्लारीला हाय, सुया तिथं टोचून राहिले. इथं मी काय बाहुलीला टोचून घेऊ?"

"ताई, सिस्टिममध्ये तसं..."

"तुझ्या सिष्टीमला शिकवलं का मी? तुला शिकवलं! बायका कापड परत नेऊन राहिल्या. म्हणतात, हिच्या घरी लेकराला लस देत न्हाईत."

त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही.

भोकरचा नांदेड आणि किल्लारीचा लातूर, या दोन्ही जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीत मी विषय मांडला: दोन नोंदी जोडून एक करावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग खर्च कुठल्या खात्याचा, हा प्रश्न निघाला. नवी नोंद करायला निधी होता, नोंद कमी करायला नव्हता. "बाळं कमी दाखवली तर निधीही कमी येईल," एक साहेब हळूच म्हणाले. हे इतिवृत्तात आलं नाही.

तोडगा निघाला. भोकरच्या बाळापुढे 'समुपदेशनानंतर लस घेतली' असं लिहायचं आणि मतपरिवर्तन झालेल्या कुटुंबाचा सत्कार करायचा. सत्काराला तिन्ही खात्यांनी जागच्या जागी निधी दिला.

"तुमच्याच भगिनी ना?" साहेब म्हणाले. "तयार करा त्यांना. आभारप्रदर्शन तुम्ही करा."

ताई फोन घेत नव्हती, म्हणून पत्र लिहिलं:

"ताईस नमस्कार. सोमवारी तिन्ही खात्यांचे साहेब शाल घेऊन तुझ्या दारात येतील. तू आधी लसीला नाही म्हणालीस, आता त्यांच्यामुळे हो म्हणालीस, असं माईकवर सांगतील. शाल घ्यायची की नाही, ते तू ठरव. घेतली नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

फक्त गल्लीतल्या बायकांना शेवटपर्यंत थांबायला सांग. आभार मानायला माईक माझ्याकडे येणार आहे. बाळाच्या सगळ्या सुया कुठं टोचल्या, ते मी भाचीकडून लसीचं कार्ड मागवून वाचून दाखवीन. लहानपणी मला डोस पाजायला तू पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचीस, तेही सांगीन. आभार मानायचे तर पहिल्यापासून मानले पाहिजेत.

त्यानंतर कंत्राट राहिलं नाही, तर पूर्वीसारखं हुक-बटणं लावायला मला बसव. हात माझा अजून बरा आहे.

तुझा भाऊ."