हिराबोळाचा वास

सिंगापूरला लेकीकडे आलो आणि जिन्यावरून घसरून घोटा सुजवून घेतला. ती मला जवळच्या चिनी वैद्याकडे घेऊन गेली. त्याने बरणीतून तांबूस, डिंकासारखे खडे काढून खलात कुटले आणि ओळखीचा वास आला. हिराबोळ! आपल्याकडे बाळंतिणीला देतात तोच.

"साकळलेलं रक्त यानं मोकळं होतं म्हणतायत," लेकीने सांगितलं.

झाड स्वतःच्या जखमेवर जे पाझरवतं, ते दोन मुलखांतली माणसं एकमेकांना न विचारता आपल्या दुखण्याला लावतात.

वैद्य लेप घेऊन वाकला, तशी ती हसली. "बाबा, तुम्हाला हा वास सोसत नाही ना? मी झाले तेव्हा म्हणूनच तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत आला नाहीत. आई सांगायची."

सबब माझी होती. बायकोला ती खरी वाटली नसणार. तरी जाईपर्यंत तिने लेकीला तीच सांगितली. आता ती सबब सांभाळायला मी एकटाच उरलो होतो.

"सोसतो," मी म्हणालो. "तेव्हाही सोसत होता. मला मुलगा हवा होता."

मी काय म्हणालो ते कळावं म्हणून वैद्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ते त्याला सांगितलं नाही.