म्हशीच्या सोंगातला हेल

आईनं दुसरा हेल काढला आणि अंगणात कुणीतरी हसलं.

माझा भाऊ ओसरीवर चटईवर होता. अंघोळ घालून झाली होती. सात वर्षांचा पोरगा, अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत ताप येऊन तिसऱ्या दिवशी गेला. आई त्याच्या उशाला बसून रडत होती, "एल्लि होदियो नन्न कंदा." कुठं गेलास रे माझ्या बाळा. एक हात वर करायची, आवाज लांबवत न्यायची, मग तळवा जमिनीवर आपटून त्याचा एकेक गुण सांगायची. न सांगता पाणी आणत होता. शिळी भाकरी दिली तरी तोंड वाकडं करत नव्हता. सगळं कानडीत.

पहिलं हसू पदरात दाबलेलं होतं. मग दुसरं आलं. मग भिंतीला टेकून बसलेल्या चार-पाच बायका तोंडात पदर कोंबून हलायला लागल्या.

काका दारात तिरडीला सुंभ बांधत होता. तो उठून ओरडला, "कोन हसलं? कोन हसलं गं?"

तो ओरडला तसं हसू आणखी फुटलं. गावाला वाटलं, यानंही सोंग काढलं.

आईचा हात वरच राहिला होता. तिनं तो खाली घेतला, भावाच्या कपाळावर आलेले केस मागं सारले आणि ती गप्प बसली.

आता हे असं का झालं ते सांगते.

आमचं गाव निपाणीजवळ. आम्ही जैन. शेतात तंबाखू. आमच्यात मुलगी करताना भाषा बघत नसत, जमीन बघत. आई चिकोडीच्या पलीकडची, घरात निव्वळ कानडी बोलणारी. चौदाव्या वर्षी आमच्या मराठी घरात आली आणि दोन वर्षांत मराठीत भांडायला शिकली. पण रडू तिला कानडीतच यायचं. आमच्या भागात मेलेल्या माणसामागं बायका हेल काढून, त्याचे गुण सांगत रडतात. मराठी बायकांची चाल वेगळी, कानडी बायकांची वेगळी. ती चाल मुलगी आपल्या आईकडून घेते. नंतर बदलत नाही.

तिचा बाप वारला तेव्हा सांगावा घेऊन माणूस आला, आणि ती उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, हे आजीनं सांगितलेलं. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. तो जोत्यावर बसून ऐकत होता. पुढच्या शिमग्याला त्यानं सोंग काढलं. कानडी बाईची म्हैस मेली आहे आणि ती म्हशीच्या नावानं रडते आहे. "एल्लि होदिये नन्न एम्मी." तीच चाल, तोच वर गेलेला हात, तोच आपटलेला तळवा. मग म्हशीचे गुण. लाथ मारत नव्हतीस गं. शेजारणीच्या रेड्याकडं बघत नव्हतीस गं. गाव लोळलं.

आईला कळलं नाही असं नाही. ती हसत हसत म्हणाली, "माझ्या बापाचा हेल म्हशीला लावला की हो, भावजी."

"बरा बसला न्हवं, वैनी?"

"हात लई उंच नेतासा. एवढा न्हाय जात."

पुढच्या वर्षी तिनं त्याला आपलं इरकली लुगडं काढून दिलं आणि कानडी पद्धतीनं नेसवलंही. ते सोंग दर शिमग्याला ठरलेलं झालं. मी आईच्या मांडीवर बसून बघितलं आहे. आई डोळ्याला पाणी येईस्तोवर हसायची. विहिरीवर बायका विचारायच्या, "म्हस बरी हाय न्हवं?" आई सांगायची, "यंदाबी मरनार हाय, बघायला या." पोरंसुद्धा खेळताना कुणी पडलं की तो हेल काढायची. काकाला आजूबाजूच्या गावांतून जत्रेला बोलावणं यायचं.

शिमग्यात मारवाड्याचं सोंग निघे, पठाणाचं निघे, लमाणणीचं निघे. पाटलाचं कधी निघालं नाही.

एकदा मात्र आईनं अडवलं होतं. कुणीतरी काकाला सुचवलं की यंदा म्हशीऐवजी नवरा मेलेला दाखव, आणखी मजा येईल. काकानं घरात तसं बोलून दाखवलं. आई भाकरी थापत होती. ती थांबली.

"म्हशीचं बरं हाय, भावजी. माणसाचं करू नका."

"न्हाय करत, वैनी."

आणि त्यानं केलं नाही. तो शब्दाचा पक्का होता. वाईट माणूस नव्हता तो. आम्हा पोरांना खांद्यावर घेऊन शेतात न्यायचा. आईचं जेवण झालं नसेल तर तो ताटावर बसत नसे. हे मी त्याला वाचवायला लिहीत नाही. होतं तसं लिहिते.

मी चौथी शिकलेली बाई. माझी नातवंडं नाटकं बघून येतात. कानडी आप्पाचं बोलणं करून दाखवतात, आणि कुणी रागावलं तर मला विचारतात, आज्जी, यात वाईट काय? हसू येतं, हे खरं. आईलाही येत होतं. ज्याची नक्कल तोच हसत असला की सगळ्यांना वाटतं, झालं, भागलं. पण अंगणातल्या त्या बायकांनी तेरा-चौदा शिमगे तो हेल ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्या हसल्या होत्या. त्यांच्या कानाला तो हेल म्हशीचा होता. दुष्टपणा त्यांच्यात नव्हता. पहिली हसली तिचा स्वतःचा दीर चार दिवसांपूर्वी त्याच तापात गेला होता. तिला झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं. हसता हसता ती रडायलाच लागली. पण आईनं ऐकलं ते हसू.

आजी रडायची तेव्हा कुणी हसत नसे. तिचा हेल मराठी होता.

भावाला नेलं. माघारी आल्यावर काका आईसमोर उकिडवा बसला.

"वैनी, रडा. मला शिव्या घाला. हवं तर मारा."

"झालं रडून," आई म्हणाली. "तुमी आंघोळ करून घ्या."

बाप आत तापात पडलेला होता. पोरगं गेलं ते त्याला सांगितलंच नाही. तोही त्या आठवड्यातच गेला. आजीनं लेकासाठी ऊर बडवून घेतला. आई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या तोंडून हुंदकाही आला नाही. आता बायका कुजबुजायला लागल्या, "कानडी काळीज. नवरा मेला तरी डोळ्याला पाणी न्हाय." रडली तेव्हा हसल्या, आणि रडली नाही तेव्हा हे. आईनं दोन्ही ऐकलं.

आजीला तिची भीती वाटायला लागली. रडली नाही तर दुःख छातीत बसतं, बाई सुकून जाते, असं ती मानायची. ती आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "रड गं पोरी. तुझ्या बोलीत रड. मी हाय न्हवं, कोन हसतंय बघते." आई मान हलवायची आणि उठून चुलीकडं जायची.

मग काका पडला. गावात उठतं-बसतं माणूस थोडंच राहिलं होतं. आईनंच त्याचं सगळं केलं. कपाळावर ओली घडी ठेवायची, चमच्यानं पेज पाजायची, घोंगडं बदलायची. मी पाणी देत होते. दुपारी त्याचा ताप जरा उतरला तेव्हा तो म्हणाला,

"वैनी, माझ्यामागं रडशीला न्हवं?"

"गप पडा."

"कानडीतच रडा. तुमचा हेल तुमाला माघारी दिला मी."

"तुमी बरं व्हा. मग बघू."

"शिमग्याला आता न्हाय करनार."

"करा की," आई म्हणाली. "म्हस काय मरायची थांबतीया?"

तो हसला. हसता हसता खोकला लागला तो थांबेना. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर तो गेला.

त्याच ओसरीवर त्याला ठेवलं. ज्या बायकांना चालता येत होतं त्या आल्या, आणि त्या दिवशी कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या. आजीचा आवाज बसला होता, तिला रडता येत नव्हतं. तिनं आईचा हात धरून तिला काकाच्या उशाला नेऊन बसवलं. सगळ्यांना ठाऊक होतं की आता ती रडणार. तिला रडायचंही होतं, मी तिच्या अगदी जवळ होते, मला दिसत होतं. तिनं त्याचं तोंड पुसलं. उजवा हात वर नेला. ओठ उघडले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

आवाज निघाला नाही.

तिनं परत केलं. परत नाही. हात तसाच थोडा वेळ वर होता. कुणी हसलं नाही. मग आईनं हात मांडीवर ठेवला आणि माणसांना म्हणाली, "उचला."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. शेत केलं, मला वाढवलं, माझं लग्न केलं. आजी गेली तेव्हा तिनं तिला अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. कानडी ती बाजारात बोलायची, माहेरच्या माणसांशी बोलायची. तिचा हेल कुणी पुन्हा ऐकला नाही.

मानमोडीतून आमच्या घरात तीन बायका जगल्या, आजी, आई आणि मी.