खंडेनवमीची कांदेनवमी

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण निदान ऐकून झाल्यावर हसा. एके काळी मी चारचौघींत "मला कन्नड येतं की" असं सांगत असे. आता कुणी विचारलं तर 'समजतं थोडं' एवढंसुद्धा तोंडातून काढत नाही. ते का, एवढंच सांगायचंय.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. लग्न होऊन बेळगावात, शहापुरात आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पण बाजार शिकवतोच. बदनेकाई म्हणजे वांगं, उळ्ळागड्डी म्हणजे कांदा, कब्बु म्हणजे ऊस, नीर म्हणजे पाणी, चलो म्हणजे चांगलं, कोड्री म्हणजे द्या, ब्याड म्हणजे नको. एवढ्या भांडवलावर मी पाच वर्षं भाजी आणली. एखादा शब्द अडला की अंदाजानं पुढं जायचं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि तिथंच माझा घात झाला.

लढाईचे दिवस होते. आमचे हे एका मोटारीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या मनानं घेतलं, की परसातल्या पडवीत स्वतःचं लोखंडकाम सुरू करायचं. वडगावच्या विठ्ठलअण्णांना आपल्या हातमागांसाठी लोखंडी पट्ट्या कापून हव्या होत्या. अण्णा म्हणजे मोजकं बोलणारा विणकर माणूस. "दसऱ्याला कापलेली पट्टी मला दिसली पायजे," ते म्हणाले. "न्हाय दिसली तर मी दुसरीकडं जातो. मग राग धरायचा न्हाय."

यांनी नोकरी सोडली. मालकानं दसऱ्यापर्यंत जागा धरून ठेवली होती. जमलं नाही तर मुकाट्यानं परत या म्हणाला. मुकाट्यानं परत गेलेला माणूस पुढं आयुष्यभर घरात कसा बसतो, ते मी माझ्या वडिलांच्यात बघितलं होतं. ते मला यांच्यात बघायचं नव्हतं.

पण मी काय करणार? माझ्या हातात व्रतं. चातुर्मास तोंडावर आला तसं मी म्हटलं, "यंदा तुम्हीबी माझ्याबरोबर कांदा-लसूण सोडा. कामाला यश येईल."

कांद्याशिवाय भाकरीला हात न लावणारा हा माणूस. आषाढातल्या कांदेनवमीला त्यांनी कांद्याची भजी, कांद्याचं पिठलं, कांद्याचं थालीपीठ आणि वर तोंडी लावायला बुक्कीनं फोडलेला कांदा असं सगळं जेवून घेतलं. लेक सासरी निघाल्यावर बाप बघतो तसं रिकाम्या ताटाकडं बघितलं, आणि मला शब्द दिला. मला भरूनच आलं.

आता प्रश्न राहिला पहिल्या हत्याराचा. हातोडा होता. ऐरण म्हणून रुळाचा एक तुकडा होता. लोखंड कापायचं मात्र काहीच नव्हतं. मी विळीवर दोडका चिरत होते आणि हे समोर बसून बोटं मोडत होते.

"पत्र्याची कात्री हाय, लोखंडाची करवत हाय, छिन्नी हाय. सुरवात एकानंच करता येतीय."

"करवत घ्या," मी म्हटलं. "दात असतात तिला."

"दात हायत, पण विलायती. एक पातं मोडलं की लढाई सपंस्तोवर वाट बघत बसा."

"मग कात्री."

"पत्रा कापंल. पट्टी कापाय गेलं तर कात्रीच वाकंल."

मला एक कोडं पडलं होतं. "अवो, लोखंडच लोखंडाला कापतं ना? मग कुणी कुणाला कापायचं हे ठरवतं कोण?"

हे हसले. "पाणी ठरवतंय."

"पाणी?"

"हत्याराचं त्वांड लालबुंद करायचं आणि पाण्यात बुडवायचं. त्याला पाणी पाजणं म्हणत्यात. ज्यानं पाणी प्यालं त्यानं कापायचं, ज्यानं न्हाय प्यालं त्यानं कापून घ्यायचं."

काय सांगू, हे मला इतकं आवडलं. त्या दिवसापासून मी घरभर विचारत हिंडायला लागले. विळीनं पाणी प्यालंय का? प्यालंय. अडकित्त्यानं? प्यालंय. उलथन्यानं? "उलथन्याला कशाला पाजतील गं, भाकरी उलथायला?" शेवटी हे म्हणाले, "तू आता जरा घागरीला पाणी पाज."

मग मी देवीपुढं संकल्प सोडला. हत्यार कुठलंही येऊ दे, खंडेनवमीच्या आत येऊ दे. नवमीला पाटावर मांडून त्याची पूजा करीन आणि दसऱ्याला काम सुरू होईल.

घट बसले. तिसऱ्या-चौथ्या माळेला यांचा जुन्या कारखान्यातला दोस्त रुद्राप्पा आला. दोघं बाहेर कट्ट्यावर बसले. रुद्राप्पाच्या बोलण्यात निम्मं कन्नड, निम्मं मराठी; त्याच्याशी बोलताना हेही तसंच बोलायचे. मी आत वाती वळत होते.

"आधी कात्री घे की रं," रुद्राप्पा म्हणाला.

"न्हाय. मला आधी उळी पायजे."

"उळीच?"

"उळीबिगार माझं चालायचं न्हाय बाबा. डोस्क्यात दुसरं काय येतच न्हाय. पिरनवाडीच्या बसप्पाला सांगून ठेवलंय."

"घरात सांगिटलास?"

"आल्यावर दावतो. आता सांगाय गेलो तर धा प्रश्न इचारंल."

माझ्या हातातली वात तशीच राहिली. उळी. उळ्ळागड्डीतली गड्डी गळालेली. माणूस जिवाभावाचा झाला की आपण त्याचं नाव आखूड करतो, तसं यांनी कांद्याचं केलं होतं. बघा तुम्हीच, दोस्त कात्रीचं बोलतोय आणि यांच्या डोक्यात कांदा. तोही चोरून, नवरात्रात, घरात अखंड दिवा तेवत असताना.

मी भांडले नाही. माणूस आहे, मोह होतो. देवी सांभाळून घेईल म्हटलं, आणि यांच्या नावानं रोज अकरा नमस्कार जास्त घातले.

अष्टमी आली. हे मागांची मापं घ्यायला वडगावला गेले होते. मी सोवळ्यात कडाकणी तळत होते. तेवढ्यात मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत मेथी नि कोथिंबीर. बाजारला निघालेली दिसत होती.

"अक्कार्री," ती म्हणाली, "बसप्पा कळस्यार्री. निम्म उळी तंदीन्री."

बसप्पानं पाठवलंय, तुमची उळी आणलीय, एवढं कळलं आणि माझे कान ताठ झाले. तिनं भाजीखालनं एक गाठोडं काढलं. चिंध्या गुंडाळून गुंडाळून चांगलं चार कांद्यांएवढं झालं होतं.

मी उंबऱ्याच्या आतूनच सांगितलं, "उळी ब्याड."

"ब्याड?" ती बघतच राहिली. "यजमानरु हेळ्यार्री."

मालकांनी सांगितलंय म्हणे. तेच तर दुखणं होतं. मी मान हलवली. तशी ती गाठोडं हातात तोलत वर्णन करायला लागली. "भाळ चलो ऐत्री. कब्बीण कडीतैत्री."

चलो म्हणजे चांगला. कब्बु म्हणजे ऊस. कडी म्हणजे चावणं. मी मनात जुळवलं: लई चांगला कांदा आहे, चावला तर ऊस लागतो. मोह पाठवायचा तर देवी असा गोड करून पाठवते.

"नीर कुडिस्यार्री," ती म्हणाली. पाणी पाजलंय.

इथं तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, नाही का? दोन महिने मी घरभर पाणी प्यालेलं लोखंड शोधत हिंडले होते. पण नाही पडला. कांद्याला पाणी पाजणारच, त्यात सांगण्यासारखं काय, असं मला वाटलं. शिवाय कढईत कडाकणी होती.

"ब्याड," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

आता तिला राग आला. "ब्यारे मंदीगे कोडतीन नोड्री." म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी देईन, बघा.

"कोड्री, कोड्री," मी म्हटलं. द्या, खुशाल द्या. दोनदा म्हटलं. वर तिला दोन केळी दिली, बिचारीचा हेलपाटा फुकट गेला म्हणून. ती पुटपुटत गेली, आणि मी घटापुढं हात जोडून म्हटलं, "आई, सांभाळलंस."

दुपारी हे आले. पाय धुता धुताच विचारलं, "पिरनवाडीचं कोण आलतं का?"

"आलती. परत घालवली."

"परत? का गं?"

"का म्हंजे? तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द दिलाय म्हणूनच मागवली की. उद्या नवमी न्हाय का?"

"अवो, ती नवमी आषाढातच झाली."

"आषाढात कसली खंडेनवमी?"

"खंडे न्हाय, कांदेनवमी."

हे ओल्या पायांनी तसेच खाली बसले. मग एकदम मऊ आवाजात विचारलं, "उळी म्हंजे काय वाटलं तुला?"

"कांदा."

"आणि मी उद्या पाटावर कांदा मांडून पूजा करणार हुतो व्हय?"

"म्हणून तर परत घालवली."

"उळी म्हंजे छिन्नी गं. बसप्पा लोहार हाय. मोटारीच्या कमानीचं पोलाद देऊन त्याच्याकडनं करून घेतलीया. ती त्याची बायको."

मी हळूच विचारलं, "आणि कब्बीण?"

"लोखंड."

"ऊस न्हाय?"

"ऊस म्हंजे कब्बु. कब्बीण कडीती म्हंजे लोखंड कापती."

"आणि नीर कुडिस्यार..."

"तेवढं तरी तूच सांग आता."

हे उठले. "कुणाला देणार म्हणाली?"

"दुसऱ्या कुणाला तरी."

"मग तू काय म्हणालीस?"

"कोड्री," मी म्हटलं. दोनदा म्हटलं, हे मात्र गाळलं.

बसप्पाची बायको यांनी कधी बघितलेली नव्हती, त्यामुळं मला जावंच लागलं. सोवळं सोडलं, लुगडं नेसले आणि दोघं बाजारात शिरलो. हे एका अंगानं, मी दुसऱ्या. बाजार भरात होता. तिचं नाव काही मला माहीत नाही. मग काय विचारणार? भाजीच्या पहिल्या बाईला विचारलं, "उळी एल्लि?" उळी कुठाय?

तिनं कांद्याचा ढीग दाखवला.

दुसरीला विचारलं. तिनंही कांदे दाखवले, वर एक सोलून नाकाशी धरला. तिसरीनं भाव पाडून सांगितला. मी प्रत्येकीला "ब्याड, ब्याड" म्हणत पुढं, आणि त्या मागनं ओरडतायत. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या शांताक्का समोर आल्या. हळदीकुंकवाला मी ज्यांना चातुर्मासाचे नियम समजावून सांगितले होते, त्याच.

"वैनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरात लपवून खायचं असंल तर माझ्याकडनं न्या की. बाजारभर कशाला इचारतासा?"

बोलायला मराठीसुद्धा उरलं नव्हतं.

बाजाराच्या टोकाला ती दिसली. पुढं बुट्टी, आणि शेजारी एक नारळवाला. त्याच्या हातात वीतभर लांब, काळीशार, तोंडाशी निळसर झाक असलेली वस्तू. तो अंगठ्यानं धार बघत होता आणि दुसरा हात कनवटीला गेला होता. पाणी प्यालेलं लोखंड मी पहिल्यांदा बघितलं ते असं, दुसऱ्याच्या हातात.

मी धावत जाऊन म्हटलं, "उळी ब्येकु." पाहिजे.

ती शांतपणे म्हणाली, "ब्याड अंदीरी." नको म्हणाला होतात ना?

एवढ्यात हे पोचले आणि त्यांनी तिला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. अगदी ऊससुद्धा. ती बुट्टीवर वाकून हसली, मग सगळी ओळ हसली. नारळवाल्यानं छिन्नी माझ्यापुढं धरली. "घ्या आक्का. मला काय, नारळ दगडावरबी फुटतोय."

पण ती बाई सोडायला तयार नव्हती. तिनं शेजारच्या ढिगातला कांदा एका हातात घेतला, छिन्नी दुसऱ्या हातात. "इदु उळ्ळागड्डी," ती म्हणाली. "इदु उळी." आणि माझ्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं. भर बाजारात, पदर खोचून, मी शाळेतल्या पोरीगत म्हटलं. मग तिनं दोन्ही माझ्या पदरात टाकलं. नवरात्रातली सवाष्णीनं भरलेली ओटी. नको कसं म्हणणार? त्या दिवशी तो शब्द उच्चारायची माझी छातीच नव्हती.

कांदा मी परसात वृंदावनापासून लांब पुरला. छिन्नी चिंचेनं धुतली, गोमूत्र शिंपडलं, गंगाजल लावलं. तरी दुपारभर पदरात कांद्याशेजारी राहिल्याचा वास काही जाईना. खंडेनवमीला पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हे नमस्काराला वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. तीन म्हयन्यांनी वास आला, म्हटलं पोटभर घ्यावा."

दसऱ्याला विठ्ठलअण्णा आले. टोपी सरळ करून पडवीत उभे राहिले. यांनी रुळाच्या तुकड्यावर पट्टी ठेवली, खडूची रेघ ओढली आणि रेघेवर छिन्नी धरली. मला इतके दिवस बघायचं होतं ते हेच. एक घाव, दोन घाव. पट्टीनं आवाज बदलला. चौथ्या घावाला तिचे दोन तुकडे झाले आणि छिन्नीच्या धारेला ओरखडासुद्धा नाही. अण्णांनी तुकडा उचलला, कापल्या जागेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "उद्या बाकीच्या पट्ट्या पाठवतो."

माझ्या डोळ्यांत घळघळ पाणी आलं. पदर लावला तरी थांबेना.

अण्णा गोंधळले. "वैनी का रडाय लागल्या?"

यांनी मान वर न करताच दुसरी रेघ ओढली. "काय न्हाय वो अण्णा," ते म्हणाले, "उळी म्हटलं की हिच्या डोळ्याला पाणी येतंय."