चांद्याच्या दगडातलं पान

रस्त्यात वेगळा दगड दिसला की आमचे भूगोलाचे मास्तर तो उचलायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि सरळ जिभेने चाटायचे. ओला झाला की दगडाचा खरा रंग कळतो म्हणे! एकदा नाशकात, भर गंगाघाटावर हा प्रकार चालला होता. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो, पण त्या दिवशी मी ओळखच दाखवली नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. तुम्ही तरी काय केलं असतं?

"आपला नाशकातला काळा दगड मुका हो," मास्तर म्हणायचे. "गाळाचा दगड बोलतो. चिखलावर पान पडलं, वर आणखी चिखल साचला, त्याचा दगड झाला, की पान राहिलंच आत."

असा एक दगड त्यांच्याकडे होता. चांद्याच्या कोळशाच्या खाणीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याने दिलेला. त्यात जिभेच्या आकाराचं पान होतं, शिरांसकट.

"अगदी असंच पान दक्षिण ध्रुवाकडच्या दगडांत सापडलंय! म्हणजे आज बर्फ आहे तिथे एके काळी रान होतं. आणि त्याही आधी आपल्या चांद्याकडे बर्फ. हवा कुणाची कायमची नसते हो!"

ऐन एप्रिलात, घामाने निथळत असताना हे ऐकून माझं डोकं फिरायचं. पण ते पुढे सांगायचे, की ती पानं शोधणारी माणसं परतीच्या वाटेवर भुकेने आणि थंडीने मेली, तरी त्यांनी ओढगाडीवरचे दगड टाकले नाहीत. एवढं बोलून मास्तर दगड फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचे.

गावातल्या वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. नकाशा मी काढून दिला, कुरकुरत. मास्तरांची सगळी भिस्त मात्र दगडावर. नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? पान डोळ्यांनी पाहिलं की लोक मानतील, असं त्यांना वाटे.

आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी पेटी उघडली, तर दगड नाही. तो देवघरात होता, तेल-शेंदूर माखलेला. पान पार बुजून गेलं होतं. मास्तर देवघराकडे कधी फिरकत नसत, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता.

"तुम्ही तापाने अंथरुणाला खिळला होता तेव्हा बसवला," त्यांची बायको हळूच म्हणाली. "तुम्ही इतकं फडक्यात गुंडाळून जपता, म्हणजे देवच असणार. नवस बोलले, आणि तुम्ही उठलात."

"वहिनी, घासून काढतो मी," असं म्हणत मी हात पुढे केला. मास्तरांनी तो धरला.

"राहू द्या. तिथेच राहू द्या."

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातांनी उभे राहिले. समोरच्या रांगेतून एक वकील म्हणाले, "मास्तर, ध्रुवावरच्या कैऱ्यांचं लोणचं कधी खिलवताय?" सभा खो-खो हसली. मास्तरही हसले. बायकांच्या बाजूला वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. मास्तरांवर माझा जीव जडला तो त्या संध्याकाळी.

पुढच्या वर्षी तोच ताप पुन्हा आला. या वेळी मास्तर उठले नाहीत.

काही दिवसांनी वहिनींनी मला घरी बोलावलं. दगड त्यांनी शिकेकाईने घासून घासून धुतला होता.

"त्यांच्यासाठी बसवला होता," त्या म्हणाल्या. "आता मुलांना दाखवा, भाऊजी."

मी तो वर्गात नेला आणि हात उंच करून धरला. शेंदूर सगळा निघाला नव्हता, शिरांमध्ये भरून राहिला होता. करड्या दगडावर पानाची एकेक शीर लालभडक उमटली होती, अगदी शेवटच्या बाकावरूनही दिसेल अशी.